लांब का?

घरातून निघालेल्या माणसाला 'कुठं?' विचारू नये, हे मला आईनंही शिकवलं होतं. तिला कुणी विचारलं की ती उंबऱ्यातूनच डोळे वटारायची, पण शेवटी जायची तरी. आमचे चाचा जायचेच नाहीत. चप्पल काढायचे, परत आत येऊन खुर्चीवर बसायचे, पेलाभर पाणी प्यायचे, थोडा वेळ पंख्याकडं बघायचे आणि मग नव्यानं निघायचे. एकदा ते बँकेत निघाले असताना कामावरच्या, पॅकिंगच्या एका बाईनं सवयीनं विचारलं, चाचा बसले. पुन्हा निघाले तर तिनंच, बावचळून, पुन्हा विचारलं. चाचा पुन्हा बसले. त्या दिवशी बँकेचं काम झालं नाही.

आता ही खोड एखाद्या पेन्शनरला शोभली असती. चाचा आमच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये रवानगीचे प्रमुख होते. म्हणजे आसपासच्या बागांतला माल आमच्याकडं यायचा, आम्ही तो निवडून, डब्यांत भरून, गार खोलीत ठेवून थंड्या कंटेनरात चढवायचो. पुढं ट्रेलरनं न्हावाशेवा बंदर आणि तिथून जहाजानं दुबई नाहीतर युरोपातलं रॉटरडॅम. ह्या सगळ्या वाटेवर माल अडकू नये, नासू नये, हरवू नये ही काळजी वाहायची चाचांनी. ज्या धंद्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच प्रश्न असतो, माल कुठं आहे, त्या धंद्याचा प्रमुख 'कुठं' ह्या शब्दाला भ्यायचा. काय म्हणावं आता.

मी साताऱ्याची. बी.कॉम. झाले आणि कुंडलला ताईच्या सासरी राहून पॅकहाऊसात कागदपत्रांच्या टेबलावर लागले. पहिल्याच दिवशी, नवीन माणूस म्हणून चांगलं वागावं ह्या विचारानं, दारातून बाहेर पडणाऱ्या चाचांना मी गोड आवाजात विचारलं, "सर, कुठं निघालात?"

चाचांनी शांतपणे चप्पल काढली.

"ही पोरगी कोण?"

"नवीन हाय, चाचा. साताऱ्याची."

"तरीच," असं म्हणून ते बसले. पाणी पिऊन झाल्यावर मला जवळ बोलावून म्हणाले, "पोरी, 'कुठं' म्हणायचं न्हाई. 'लांब का?' म्हणायचं. जाणारा म्हणंल, व्हय, लांब. न्हाईतर म्हणंल, न्हाई, हितंच. त्यात समदं आलं."

"आणि कंटेनरचं? तो कुठं आहे हे तरी विचारायचं का नाही?"

"निघताना न्हाई. एकदा निघाला की सारखं विचारायचं. आपला धंदा त्योच हाय."

मला वाटलं, झालं, येड्यांच्या बाजारात आले. तरीही ते वाक्य मी विसरले नाही, आणि पुढं नोकरीत मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्या वाक्यातच होतं.

चाचा उंचीला बेताचे, दाढी मेंदीची, आणि अंगावर प्रत्येक गोष्ट दोन-दोन. मनगटावर दोन घड्याळं, एक आपल्या वेळेचं आणि एक रॉटरडॅमच्या. कमरेला पट्टा, आणि पट्ट्याच्या आत पँटला शिवून घेतलेली नाडी. फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात मोटारसायकलला दोन छत्र्या. दोन कंपन्यांचे दोन फोन, आणि दोन्हींची बॅटरी एकाच वेळी संपलेली. त्यावरून मी चिडवलं की म्हणायचे, "फोन दोन ठेवले, चार्जर एकच ठेवला. चुकलं तिथंच."

पण कळस होता तो जेवणाचा. चाचा तासगावहून यायचे. कालवणाचा डबा त्यांच्यासोबत मोटारसायकलवर आणि भाकरी एसटीनं, ओळखीच्या कंडक्टरच्या हाती. समदं जेवण एका वाटंनं आणायचं नसतं, हा त्यांचा कायदा. गाडी पंक्चर झाली तर निदान भाकरी पोचेल, आणि एसटी बंद पडली तर निदान कालवण. एकदा एसटी खरोखरच बंद पडली. चाचा डब्यातला अख्खा मसूर चहासारखा कपात ओतून पीत बसले होते. मी माझ्यातली चपाती दिली.

"बघ," म्हणाले, "निम्मं तरी पोचलं."

"निम्म्यानं पोट भरतं का चाचा?"

"भरत न्हाई. पर उपाशी ऱ्हायलो असं कुणी म्हणणार न्हाई."

चाचींची आणि माझी गाठ एका लग्नात पडली, तेव्हा त्यांनी तोंडाला पदर लावून सांगितलं की हे सगळं लग्नापासूनचं आहे. वरातीला दोन जिपा होत्या. नवरदेव एका जिपेत आणि शेरवानी दुसऱ्या जिपेत. नवरदेव वेळेत आले, शेरवानी आली नाही. निकाह धाकट्या भावाच्या शर्टावर लागला. चाचा शेजारीच बसून बिर्याणी खात होते. मान वर न करता म्हणाले, "उलटं झालं असतं तर? नुसत्या शेरवानीशी लगीन लावलं असतंस का तू?"

ही शिकवण त्यांना पाचगणीनं दिली होती. आमच्याकडं येण्याआधी ते तिथं स्ट्रॉबेरीच्या धंद्यात होते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी सगळा माल एका टेम्पोत भरला आणि तो टेम्पो घाटात सहलीच्या गाड्यांच्या मागं असा अडकला की वाईला पोचेपर्यंत मागच्या फाळक्यातून मुरंबा गळत होता. चाचा शेजारी बसून तो बघत होते. त्यांच्या आजोबांपासून फळांचाच धंदा, पण फळ रस्त्यात मरतं हे मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं, असं ते म्हणायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा बारीक व्हायचा आणि आम्ही हसायचं थांबायचो.

देवाधर्माच्या बाबतीतही विमा एकाच ठिकाणी नव्हता. कंटेनर निघताना ट्रेलरला लिंबू-मिरची, आरशाला दर्ग्यातला धागा, चाकाखाली नारळ. मी एकदा विचारलं, "चाचा, मौलाना रागावत नाहीत का?"

"रागावत्यात की. म्हणून नारळ मी फोडत न्हाई. आबा फोडतो. मी फकस्त इकत आणतो."

हे आबा म्हणजे आमचे गेटवरचे रखवालदार. नारळ फोडायचा, गेट उघडायचं आणि निघणाऱ्या ड्रायव्हरच्या हातात त्याच्या कागदांचं पाकीट द्यायचं, एवढं त्यांचं काम. चाचांवर त्यांची इतकी भक्ती की चाचांनी 'कुठं' म्हणू नका म्हटल्यापासून आबा घरी बायकोलाही 'चहा कुठाय' म्हणत नसत. 'चहा लांब का?' म्हणत. पुढचं सगळं ह्या भक्तीतूनच घडलं.

आता ताईचं सांगते, कारण तिच्याशिवाय हे सांगण्यात अर्थ नाही.

दाजी मिल्ट्रीत, सीमेवर. घरी ताई आणि तिची सासू. म्हातारीचा सगळा जीव उसावर. "ऊस लावायचा आन निवांत झोपायचं. द्राक्ष म्हंजे तान्हं पोर हाय, घडीभर डोळा लागू देत न्हाई," हे तिचं म्हणणं. ताईनं हट्टानं विहिरीकाठच्या रानात बाग लावली. वेली मांडवावर चढल्या, घड लागले, आणि पहिल्यांदाच माल परदेशी पाठवण्याजोगा निघाला. म्हातारी कडक असली तरी सरळ होती. तिनं आम्हा दोघींसमोर स्पष्ट सांगितलं, "ह्या खेपंचा माल तिकडं धड पोचला तर बाग ऱ्हाईल. नासला तर छाटणीच्या आधी बाग उपटायची आन ऊस लावायचा. मी उसाच्या कांड्यांचं बेणं सांगून ठेवलंय." दाजींना फोन केला तर ते म्हणाले, आई म्हणंल तसं. सीमेवर शत्रूशी लढतील, आईशी नाही.

ताई संध्याकाळी बागेत जाऊन नुसती मांडवाखाली उभी राहायची. मी हाक मारली तर म्हणायची, "आले गं," आणि यायची नाही. नवरा ड्युटीवर गेला तेव्हासुद्धा मी तिला असं झुरताना बघितलं नव्हतं. मला भीती वाटायची आणि तिचा रागही यायचा, की वेलींत एवढा कसला जीव अडकवून घ्यायचा. पण अडकला होता, त्याला कोण काय करणार.

आणि नेमकं त्याच हंगामात तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झालेले. युरोपची आपली नेहमीची जवळची वाट तीच. काही जहाजं जीव मुठीत धरून तिकडूनच जात होती, काही अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालत होती. वळसा म्हणजे कित्येक दिवस जादा, आणि द्राक्ष तर दिवसावर जगणारं. हे म्हातारीला समजावून सांगायला चाचा आमच्या घरी आले.

"आक्का, समजा तुमाला कुंडलवरनं साताऱ्याला जायाचंय. सरळ कराडवरनं जाताय. पर कराडला दगडफेक चाललीया. मग काय करायचं? सोलापूरला जायाचं, तिथनं पुण्याला, आन पुण्यावरनं खाली साताऱ्याला."

म्हातारीनं विचार केला. "मी म्हणते, मग साताऱ्याला जायाचंच कशाला?"

"लेक दिलीया आपण तिथं," चाचा म्हणाले.

चाचांनी ताईच्या कंटेनरसाठी दोन जहाजांवर जागा धरली. एक जवळच्या वाटेनं जाणारं, दुसरं त्यानंतर निघणारं, वळसा घालणारं. मालक ओरडले, एका मालाला दोन जहाजं कशाला. चाचा म्हणाले, "मालक, तुमी चपला दोन घालताय का न्हाई?" मालक पायाकडं बघत राहिले. ह्या बोलण्यात काही तथ्य नाही हे लक्षात येईपर्यंत चाचा खोलीतून बाहेर पडले होते.

तोडणीला चाचा स्वतः बागेत आले. ऊन चढायच्या आत तोडायचं, घडाला बोट लावायचं नाही, देठाला धरायचं. "देठ हिरवा पायजे. तिकडचा माणूस द्राक्षाआधी देठ बघतो. देठ वाळला की त्याच्या लेखी माल मेला." ताईनं त्यांच्यापुढं एक घड धरला, खाऊन बघा म्हणून. चाचांनी हात मागं घेतला. "पोचल्यावर खाईन. मी वाटंवरचा माल खात न्हाई." हाही त्यांचा कायदा. प्रत्येक मालातला एक डबा नमुना म्हणून आम्ही गार खोलीत ठेवतो. तिकडं माल पोचला की चाचा इकडं तो डबा उघडायचे, त्याआधी नाही.

त्या दुपारी गेटवर दोन ट्रेलर उभे होते. एकावर ताईची द्राक्षं, जाणार रॉटरडॅमला. दुसऱ्यावर दुसऱ्या बागांचा माल, जाणार दुबईला. पाकिटं दोन, ड्रायव्हर दोन, दोघंही आमच्याकडं नवीन. पाकिटावरचा नंबर आणि कंटेनरचा नंबर ताडून बघायचा आबांना कंटाळा. दुसरा कुणी असता तर त्यानं सरळ विचारलं असतं, बाबा, तुझा माल कुठं चाललाय? आबांनी नारळ फोडला, हात पुसले आणि चाचांच्या शिकवणीप्रमाणे पहिल्याला विचारलं, "लांब का?"

तो ड्रायव्हर शिराळ्याचा. वाट वाकडी करून आधी घरी जेवायला जायचं त्याच्या मनात. तो म्हणाला, "न्हाई ओ, जवळच." आबांनी त्याला दुबईचं पाकीट दिलं. त्याच्या ट्रेलरवर ताईची द्राक्षं होती.

दुसरा जतकडचा. त्याला मुंबई म्हणजेच जगाचं टोक. तो म्हणाला, "लय लांब गड्या." आबांनी त्याला रॉटरडॅमचं पाकीट दिलं आणि दोघांनाही हात दाखवून गेट लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या एजंटचा फोन आला. नंबर जुळत नाहीत, दोन्ही गाड्या गेटबाहेर. जतवाला कधीचा येऊन थांबलेला, पण शिराळ्याच्या घरचं जेवण रंगलेलं. तो येऊन कागद अदलाबदल होईपर्यंत युरोपच्या जहाजाची वेळ उलटून गेली होती. दुबईचं जहाज काय, उद्याही मिळतं. ताईचं गेलं.

मला वाटलं चाचा आता आबांना गेटलाच टांगतात. चाचांनी चप्पल काढली, बसले, पाणी प्यायले.

"आबा, तुमी त्यांना काय विचारलं?"

"लांब का म्हणून. लय लांबवाल्याला युरोप दिला की. बरूबर हाय न्हवं?"

चाचांनी पंख्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरूबर हाय, आबा. मीच शिकिवलंय," आणि दुसऱ्या जहाजाच्या एजंटला फोन लावला. तेव्हा कुठं सगळ्यांना आठवलं की दुसरी जागा धरलेली आहे. मालकही आले, नुसतं स्वतःच्या चपलांकडं बघून गेले.

घरी जाऊन ताईला सांगणं माझ्या वाट्याला आलं. जहाज चुकलं, आता माल आफ्रिकेला वळसा घालून जाणार. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "म्हणजे देठ वाळणार."

"चाचा म्हणतात..."

"चाचा काहीही म्हणू देत. मला खरं सांग."

मला खरं माहीत नव्हतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. तसं सांगितलं. ती भाकरी तव्यावर टाकून बागेकडं निघून गेली, आणि भाकरी मी उलटली.

मग सुरू झाले ते वाट बघण्याचे दिवस. चाचा आले की दोन्ही घड्याळं बघायचे आणि मला विचारायचे, "कुठं हाय?" दुपारी विचारायचे, "आता कुठं?" निघताना ज्या शब्दाला एवढं भ्यायचे, तो निघाल्यावर त्यांच्या तोंडातून हटेना. मी कॉम्प्युटरवर बघून सांगायचे, मादागास्करच्या बाजूला. कंटेनरातला गारवा बरोबर आहे का हेही चाचा विचारून घ्यायचे आणि मान डोलवायचे.

गंमत घरी झाली. पहिले काही दिवस म्हातारी नुसती माझ्या तोंडाकडं बघायची. मग एका संध्याकाळी मी चपला काढते न काढते तोच म्हणाली, "सोलापूर आलं का गं?"

"आलं, मावशी."

"गारवा हाय न्हवं गाडीत?"

"आहे."

"हां. सोलापुरात लय ऊन."

तिथून पुढं रोजच. पुण्याचा वळसा कवा घेणार. पुण्यात गर्दी असती, अडकलं तर. शेजारणी आल्या की त्यांनाही सांगायची, आमची द्राक्षं सोलापूर-पुणे करून चाललीत, कराडला दगडफेक हाय म्हणून. शेजारणी घाबरून आपापल्या कराडच्या पाहुण्यांना फोन करायच्या. ताई पहिल्यांदा हसली ती ह्यावर. म्हातारीनं मात्र बेण्याचं सांगणं मागं घेतलं नव्हतं. शब्द म्हणजे शब्द.

मध्येच एक बातमी आली. जे जहाज आमचं चुकलं, ते तांबड्या समुद्राच्या तोंडाशी नांगर टाकून उभं होतं. पुढं दुसऱ्या एका जहाजावर हल्ला झाला होता. कित्येक दिवस ते तसंच उभं राहिलं आणि शेवटी माघारी फिरून आमच्याच वाटेला लागलं, आमच्या खूप मागून. त्या जहाजात असती तर ताईची द्राक्षं तिथंच बसून म्हातारी झाली असती.

मी नाचतच चाचांकडं गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ऑफिसबॉयला शाल-श्रीफळ आणायला धाडलं. सगळ्यांसमोर गेटवर आबांना शाल घातली. आबा म्हणाले, "चाचा, ही शाबासकी हाय का चेष्टा?"

"मला बी कळंना," चाचा म्हणाले. "म्हणून शाल घातली. थंडीला तरी उपेगी यील." पण त्या दिवसापासून पाकिटांवर आम्ही मोठ्या अक्षरांत कंटेनरचा नंबर चिकटवायला लागलो, आणि आबांना तो मोठ्यानं वाचून दाखवायची सक्ती झाली. चाचांनी चुकीला शाल घातली, पण चूक ठेवून घेतली नाही.

आणि एका सकाळी रॉटरडॅमहून फोटो आला. एक गोरा हात, हातात घड. मी स्क्रीनवर फोटो मोठा करत गेले, घड बाजूला गेला, मणी बाजूला गेले, आणि देठ दिसला. हिरवा. अगदी कालच तोडल्यासारखा नाही, खोटं कशाला बोला, पण हिरवा. खाली त्या माणसानं लिहिलं होतं, माल चांगला आहे, पुढच्या वर्षी आणखी पाठवा. मला रडू आलं, टेबलावरच. चाचांनी दोन खिशांतून दोन रुमाल काढून पुढं केले.

मग ते गार खोलीत गेले, ताईच्या मालाचा नमुन्याचा डबा घेतला आणि मला म्हणाले, "चल."

घरासमोर अंगणात उसाचं बेणं येऊन पडलं होतं. म्हातारीनं सांगून ठेवलेलं, शेजाऱ्यानं नेमकं त्याच सकाळी आणून टाकलेलं. ताई त्याच्याकडं पाठ करून उभी होती. मी फोन तिच्या हातात दिला. तिनं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि देठावर बोट ठेवून तशीच राहिली. म्हातारी म्हणाली, "सातारा आलं वाटतं." ताईनं मान हलवली.

म्हातारी ओट्यावर बसली. "शब्द दिलाय, बाग ऱ्हाईल," ती म्हणाली. "पर चाचा, खरं सांगा. ह्या टायमाला नशिबानं तारलं. दर साली आबा चुकणार हाय का? तुमीच म्हणताय, समदं एका वाटंनं धाडू न्हाई. म्हणून मी म्हणते, निम्मी बाग ठिवू, निम्म्यात ऊस लावू. बेणं बी आलंय. तुमाला पटतंय का न्हाई?"

दोन घड्याळांचा, दोन छत्र्यांचा, पट्ट्याखाली नाडी बांधणारा माणूस. त्याचं उत्तर काय असणार हे आम्हा तिघींनाही माहीत होतं. ताईनं तर डोळेच मिटून घेतले.

चाचांनी डबा उघडला. एक मणी तोंडात टाकला, सावकाश चावला. मग दुसरा टाकला.

"आक्का," ते म्हणाले, "वाटा मालाला दोन काढायच्या असत्यात. जिवाला न्हाई. ह्या पोरीनं बागंला जीव लावलाय. तिला निम्मा जीव उसाला लावता येतोय का इचारा. येत असंल तर मग निम्मा ऊस लावा."

म्हातारीनं ताईकडं बघितलं. ताईनं डोळे उघडले नव्हते, पण गालावरून पाणी येत होतं. म्हातारीनं हात लांब करून डब्यातला एक मणी घेतला. त्या हंगामात आपल्याच बागेचं द्राक्ष तिनं तोंडात घातलं ते तेव्हा पहिल्यांदा. खाल्लं, बी नाही म्हणून जरा शोधलं, आणि मला म्हणाली, "शेजारच्याला सांग, बेणं माघारी ने म्हणावं. आमच्याकडं जागा न्हाई."

ताई जी रडायला लागली ती थांबेना. म्हातारी तिच्या पाठीवर हात फिरवत तिलाच रागे भरत होती, आता काय झालं रडायला, बाग ऱ्हायली न्हवं. चाचांना असलं बघवत नाही. ते हळूच उठले, अंगणात गेले, चप्पल घातली. डबा उघडाच राहिला होता. आम्ही कुणी काही विचारलं नाही. विचारायचं नसतं हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

ते मोटारसायकलपाशी पोचले आणि म्हातारी ओट्यावरून खणखणीत आवाजात म्हणाली, "कुठं निघालासा चाचा?"

चाचा जागीच थांबले. वळून बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मग त्यांनी चप्पल काढली, परत येऊन ओट्यावर बसले. म्हातारीनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला आणि ताईला म्हणाली, "जा, चूल पेटीव." मग चाचांकडं वळून म्हणाली, "भाकरी हुईस्तवर मी इचारतच ऱ्हाणार हाय. बसा गप."

त्या दिवशी चाचांनी भाकरी आणि कालवण एकाच ताटात, गरम गरम खाल्लं.